टकटक पाचव्याची, पण तिसराही आजारी: नुकत्याच बांधलेल्या सहा सिलिंडर इंजिनाचं एक प्रकरण

गाडी दहा चाकी टाटा, इंजिन कमिन्सचं ६बीटी, ५.९ लिटर, एका रांगेत सहा सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह (प्रत्येक सिलिंडरला हवा आत घेणारा एक इनलेट, जळालेला वायू सोडणारा एक एक्झॉस्ट). कॅमशाफ्ट (लोब म्हणजे फुगवटे असलेली फिरती दांडी) ब्लॉकमध्ये, लोबवर टॅपेट, टॅपेटवर पुशरॉड, वर व्हॉल्व्ह दाबून उघडणारा रॉकर. कोल्हापुरातून साखरेची पोती भरून आंबा घाटाने रत्नागिरीकडे उतरायचं आणि येताना मिळेल तो माल घेऊन घाट चढायचा, हे तिचं काम. गळीत हंगाम तोंडावर आला म्हणून मालकांनी फुल इंजिन काम करून घेतलं होतं: बोअर-पिस्टन, बेअरिंग, नवी कॅमशाफ्ट, हेडला नव्या सीट रिंगा (व्हॉल्व्ह बंद होताना ज्यांवर टेकतात त्या कड्या). काम आमच्या गॅरेजमधलं नव्हतं. गाडी आमच्याकडे आली ती काम झाल्यावर काही आठवड्यांनी, तक्रार घेऊन.

तक्रार तीन पदरी होती. गार इंजिन उशिरा सुरू होतं आणि पांढरा धूर टाकतं. गरम झाल्यावर वरून टकटक येते. आणि घाटात ओढ नाही. ड्रायव्हर मामांनी सगळं एका दमात सांगितलं, "टॅपेट दोनदा सेट करून झालंय. चार दिस बरं वाटतंय, की परत टकटक. आन् घाटात तर गाडी ओढंनाच झालीया."

माझ्या मते या प्रकरणाची किल्ली "चार दिवस बरं वाटतं" या वाक्यातच होती. टॅपेट सेट केल्यावर आवाज जातो आणि पुन्हा येतो, याचा अर्थ सेटिंग चुकलं एवढाच नसतो. सेट केलेली गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात मुद्दाम ठेवलेली फट) आपोआप बदलते आहे, म्हणजे आत काहीतरी झिजतंय, सरकतंय किंवा सैल होतंय. अशा वेळी तिसऱ्यांदा स्पॅनर लावून गॅप बंद केली की आवाजाबरोबर पुरावाही जातो. म्हणून गाडी आत घेतली तेव्हा पोरांना पहिली सूचना हीच होती: मोजून लिहून होईपर्यंत एकाही लॉकनटला हात लावायचा नाही.

आधी कानाने, मग नोझल पाइपने

आयडलवर (भार नसताना, अॅक्सिलरेटर न दाबता) हे इंजिन मिनिटाला साधारण ७५० फेऱ्यांवर चालतं. कॅम त्याच्या निम्म्या वेगाने फिरते, म्हणजे मिनिटाला ३७५ फेऱ्या. एकच व्हॉल्व्ह वाजत असेल तर सेकंदाला सुमारे सहा ठोके ऐकू येतात. इथे तसेच येत होते. पण एवढ्यावरून "टॅपेटच आहे" म्हणता येत नाही. डिझेलचा जळण्याचा ठोकाही एका सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांतून एकदाच पडतो, त्याचाही ताल तोच. दोन्ही वेगळे करायची आपल्याकडची जुनी रीत आजही चोख आहे: एकेका नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) पाइपचा नट सैल करून त्या सिलिंडरचं डिझेल तोडायचं. ठोका जळण्याचा असेल तर डिझेल तुटताच तो बदलतो. व्हॉल्व्हचा असेल तर तसाच वाजत राहतो. (हे करताना हात पाइपच्या तोंडासमोर आणू नये, फडकं धरावं आणि चष्मा घालावा. त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत जातं, आणि ती जखम वरून दिसते त्यापेक्षा फार वाईट असते.)

एक, दोन, चार आणि सहा तोडल्यावर इंजिन प्रत्येक वेळी स्पष्ट बसलं (वेग पडला), म्हणजे हे चारही सिलिंडर काम करत होते. तिसरा तोडला तर जवळजवळ काहीच फरक पडला नाही. पाचवा तोडल्यावर इंजिन थोडं बसलं, इतरांइतकं नाही, आणि टकटक मात्र तशीच राहिली.

इथेच एक मोठी शंका निकालात निघाली. नव्या बांधलेल्या इंजिनाला ओढ नाही म्हटलं की पहिला संशय टायमिंग गियरवर (क्रँक आणि कॅमचा मेळ ठेवणाऱ्या दातेरी चाकांवर) जातो, एखादा दात पुढेमागे बसला का म्हणून. पण दात चुकला तर सहाही सिलिंडरना सारखाच भोगावा लागतो. इथे चार धडधाकट आणि दोनच अशक्त. म्हणजे पुढचं कव्हर लगेच खोलायची गरज नव्हती. डिझेल पंपाचं टायमिंगही त्याच न्यायाने मागे पडलं.

मग टर्बोकडून येणारा हवेचा पाइप इनलेट मॅनिफोल्डपाशी सोडला आणि आयडलवर त्या तोंडापाशी कान दिला. आत ओढल्या जाणाऱ्या हवेच्या आवाजात मध्येच उलटी फुस्स येत होती. तारेला घट्ट बांधलेली कागदाची पट्टी तोंडापासून अंतर राखून धरली तर ती आत झुकता झुकता मध्येच बाहेर उडत होती. अशी उलटी फुस्स म्हणजे इनलेट व्हॉल्व्ह गळतोय, असा सरसकट निष्कर्ष काढला जातो. या इंजिनात तो अर्धाच खरा होता.

तिसऱ्याचं डिझेल तोडलं तरी फुस्स राहिली. पाचव्याचं तोडलं तर ती निम्म्याने कमी झाली. म्हणजे फुस्स दोन होत्या आणि दोघींची कारणं वेगळी. इनलेट व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर कॉम्प्रेशनच्या वेळी दाबलेली हवा मागे निसटते. त्यासाठी डिझेल जळावं लागत नाही, त्यामुळे डिझेल तोडूनही फुस्स थांबत नाही. उलट एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नसेल तर जळालेला वायू सिलिंडरमध्येच अडकतो आणि पुढे इनलेट उघडताच मागे येतो. तिथे जळणच थांबवलं तर अडकलेल्या वायूला तेवढा दाब उरत नाही आणि फुस्स मंदावते. हा फरक मी मुद्दाम सविस्तर लिहितोय. आधीच्या ठिकाणी पाचव्याचा इनलेट व्हॉल्व्ह काढून पुन्हा घासून बसवला होता, असं मामांकडून कळलं. त्या व्हॉल्व्हमध्ये काहीच दोष नव्हता.

बारा गॅपा, आहेत तशा

रात्रभर इंजिन गार होऊ दिलं. या इंजिनाची गॅप गार असतानाच घेतात: इनलेट ०.२५ मिलिमीटर, एक्झॉस्ट ०.५० मिलिमीटर, म्हणजे दहा आणि वीस थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). दुसऱ्या इंजिनांच्या सवयीने एक्झॉस्टही दहा-बारा थाउवर आवळणारे हात मी पाहिले आहेत. त्याने आवाज मऊ होतो आणि व्हॉल्व्ह जळतो.

फायरिंग ऑर्डर (सिलिंडर जळण्याचा क्रम) १-५-३-६-२-४. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागी) आणला की इनलेट १, २, ४ आणि एक्झॉस्ट १, ३, ५ मोजता येतात. क्रँक एक पूर्ण फेरी फिरवली की उरलेले सहा. टीडीसी सापडायला गियर हाउसिंगवर टायमिंग पिन असते. ती आत ढकलून खूण सापडली की क्रँक हलवण्याआधी आठवणीने बाहेर ओढायची, नाहीतर मोडते आणि तुकडा गियरमध्ये जातो.

बारापैकी दहा गॅपा ठीक होत्या, दोन-चार शतांशांचा फरक, तो चालतो. उरलेल्या दोन अशा: पाचव्याचा एक्झॉस्ट ०.९५, आणि तिसऱ्याच्या इनलेटमध्ये फीलर गेजची ०.०५ ची पातही शिरेना. एकाची गॅप जवळजवळ दुप्पट, दुसऱ्याची संपलेली. टकटक पाचव्याची होती. तिसरा अगदी गप्प होता, कारण ज्याला गॅपच नाही तो वाजणार कशाने? पण गार असताना ज्याची गॅप शून्य, तो व्हॉल्व्ह गरम झाल्यावर सीटवर पूर्ण टेकतच नाही. व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमार्गेच हेडमध्ये उतरते. टेकला नाही तर ती उतरत नाही. म्हणून आवाजाच्या मागे धावणाऱ्याला पाचवा दिसतो आणि लवकर जळतो तिसरा.

मग दोन्ही गॅपा नेमक्या मापावर आणल्या, अॅडजस्टिंग स्क्रू आणि लॉकनट यांच्यावरून रंगाची एक बारीक रेघ ओढली आणि गाडी रिकामीच शिरोलीहून किणी टोल नाक्यापर्यंत हायवेने नेऊन आणली. पुन्हा रात्रभर गार. सकाळी रंगाची रेघ जागच्या जागी, म्हणजे नट सैल झालेला नाही. पण पाचव्याचा एक्झॉस्ट ०.५० वरून ०.६२ आणि तिसऱ्याचा इनलेट ०.२५ वरून ०.१८. दोन गॅपा, उलट्या दिशांना.

गॅप वाढते तेव्हा कॅमपासून रॉकरपर्यंतच्या साखळीत कुठेतरी उंची कमी होत असते: टॅपेटचा तळ झिजतोय (बहुधा लोबबरोबरच), पुशरॉड वाकतोय, रॉकर झिजतोय किंवा त्याची बैठक (पेडेस्टल) सैल झालीय. गॅप घटते तेव्हा व्हॉल्व्ह हेडमध्ये वर चढत असतो: सीट खचून हेडमध्ये आत गेली, रिंग सरकली किंवा व्हॉल्व्हचं डोकं ताणलं गेलं. नव्या इंजिनात हेड गॅस्केट दबून हेड किंचित खाली येतं, त्यानेही गॅप घटते. पण ती बाराच्या बारा थोडी थोडी घटते, एकट्याची नाही. म्हणून बाराही आकडे कागदावर लागतात. वाजणाऱ्या एकट्याचा आकडा काही सांगत नाही.

पाचवा: न फिरणारा पुशरॉड

६बीटीची एक सोय म्हणजे रॉकर कव्हर प्रत्येक सिलिंडरला वेगळं असतं. एकच कव्हर काढून आयडलवर बघता येतं, तेल फार उडत नाही. तेल सगळ्या रॉकरना पोचत होतं. पुशरॉडवर खडूने एक उभी रेघ मारली आणि बॅटरीच्या उजेडात पाहिलं. चौथ्याचे दोन्ही पुशरॉड वर-खाली होताना हळूहळू स्वतःभोवती फिरत होते, रेघ नजरेआड जाऊन पुन्हा समोर यायची. पाचव्याच्या इनलेटचाही फिरत होता. पाचव्याच्या एक्झॉस्टची रेघ मात्र हलेना. वर, खाली, वर, खाली, तोंड तिकडेच.

सपाट टॅपेटचा तळ खरं तर पूर्ण सपाट नसतो, मध्ये किंचित फुगीर असतो, आणि लोब त्याच्या मध्यावर न लागता थोडा बाजूला लागतो. त्यामुळे प्रत्येक धक्क्याला टॅपेट थोडा फिरतो आणि झीज सगळीकडे वाटली जाते. फिरणं थांबलं की एकाच रेषेवर लोब घासत राहतो, आणि एकदा वरचा कडक थर गेला की पुढची झीज फार झपाट्याने होते.

खात्रीसाठी डायल गेज लावून सगळ्या एक्झॉस्ट पुशरॉडची उचल मोजली. कंपनीचा आकडा शोधत बसायची इथे गरज नसते, सहा सख्खी भावंडं शेजारी उभी असतात. पाच जणांची उचल जवळजवळ सारखी, पाचव्याची दीड मिलिमीटरने कमी. पुशरॉड काचेवर लोळवून पाहिला, सरळ होता. रॉकरचं टोकही चांगलं होतं. दोष खालीच.

ऑइल फिल्टर कापून त्याची घडी उलगडली. कागदाच्या चुण्यांत बारीक चकाकी होती आणि ती चुंबकाला चिकटत होती.

मालकांशी बोलणं

मालकांना फोन केला. त्यांचं म्हणणं साहजिक होतं, "अहो, एकच टॅपेट खराब हाय न्हवं? मग तेवढाच बदला की. कॅम तर नवी कोरी हाय."

मी म्हटलं, "दादा, कॅम नवी आहे, पण टॅपेट जुने बसवलेत असं मला वाटतंय. उघडून तुम्हालाच दाखवतो, मग ठरवा." दुपारी ते स्वतः आले, हे फार बरं झालं.

हेड काढलं. रेडिएटर, लिफ्ट पंप (टाकीतून डिझेल ओढणारा) आणि पुढचं गियर कव्हर काढलं. लिफ्ट पंप विसरून चालत नाही, तो कॅमवरच चालतो. या इंजिनाचे टॅपेट छत्रीसारखे, खाली रुंद, त्यामुळे ते वरून निघत नाहीत. वरून प्रत्येक टॅपेटमध्ये लाकडी दांडी ठोकून बसवायची, टॅपेट वर ओढून दांड्या रबराने बांधून ठेवायच्या, मग कॅम पुढून सरळ बाहेर. त्यानंतर कॅमच्या भोकात अर्धी चिरलेली नळी सरकवून एकेक टॅपेट तिच्यात सोडायचा आणि बाहेर ओढायचा. वेळखाऊ काम आहे, पण इंजिन चॅसीवरून उतरवावं लागत नाही.

पाचव्याच्या एक्झॉस्ट लोबचं टोक बोथट होऊन चपटं झालं होतं. त्याचा टॅपेट मी मालकांच्या हातात दिला. दुसऱ्या टॅपेटची सरळ कड त्याच्या तळावर आडवी धरून उजेडाकडे बघायला सांगितलं. मधून उजेड दिसत होता. फुगीर असायला हवा तो तळ बशीसारखा खोलगट झाला होता. मग खोक्यातला नवा टॅपेट तसाच धरला, तर उजेड दोन्ही कडांना. बाकीचे अकराही पाहिले. सगळे जुने, सगळ्यांवर आधीच्या कॅमने उठवलेल्या वर्तुळाकार खुणा, तिघांचा फुगीरपणा पूर्ण गेलेला.

जुना टॅपेट त्याच्या जुन्या लोबवर, नंबर न बदलता, चालून जातो. नव्या कॅमवर जुना टॅपेट कधीही बसवू नये, कितीही चकचकीत दिसला तरी. या एका मुद्द्यावर मी कुणाशी तडजोड करत नाही. मालकांनी अजून दोन टॅपेट स्वतः उजेडाला धरून पाहिले आणि कॅमसह बाराही नवे टाकायला सांगितलं.

खालचं तेलाचं चेंबर काढलं तेव्हा एक मेन आणि एक बिगएंड कॅप (क्रँकची बेअरिंग धरणारी टोपणं) खोलून बेअरिंग पाहिलं. झिजलेल्या लोखंडाचा चुरा तेलाबरोबर तिथेच जातो. फिल्टरने बराच अडवला होता. बेअरिंगवर दोन-तीन केसासारख्या रेघा होत्या, नखाला न लागणाऱ्या. ती तशीच ठेवली. घाटात अजून महिनाभर गाडी ओढली असती तर क्रँकपर्यंत खर्च गेला असता.

तिसरा: रिंगेखालची कीस

हेड टेबलावर उलटं ठेवून डेप्थ गेजने बाराही व्हॉल्व्ह हेडच्या पातळीपासून किती आत आहेत ते मोजलं. तिसऱ्याचा इनलेट इतर इनलेटपेक्षा जवळजवळ अर्धा मिलिमीटर आत होता. पोर्टमध्ये डिझेल ओतलं तर बाकीचे कोरडे राहिले, तिसऱ्याखाली लगेच थेंब जमू लागले. व्हॉल्व्ह काढून सीटला निळा रंग लावून फिरवला तर खूण निम्म्या घेरावर रुंद आणि निम्म्यावर तुटक.

सीट रिंग काढायला दिली. रिंगेखाली, खाचेच्या तळाशी, एका बाजूला धातूची कीस दबून सपाट झालेली सापडली. खाच कापल्यावर ती नीट साफ न करताच रिंग दाबली होती. त्यामुळे रिंग एका बाजूला तळाला टेकली नव्हती. बसवताना कटर फिरवल्यावर सीट सरळ दिसली असणार, सुरुवातीला गळलीही नसणार. पण जळणाचा दाब दर वेळी व्हॉल्व्हला सीटवर आणि सीटला वर ढकलतो. कीस चेपत गेली, रिंग कलंडत वर सरकत गेली, व्हॉल्व्ह वर, गॅप शून्य. दोनदा टॅपेट सेट केल्यावर तिसराही चार दिवस बरा का वाटायचा, ते इथे उलगडलं: गॅप पुन्हा दिली की व्हॉल्व्ह पुन्हा टेकायचा, रिंग अजून सरकेपर्यंत.

कोल्हापूरचं एक भाग्य असं की असल्या कामाला बाहेर जावं लागत नाही. ज्या गावात ऑइल इंजिनं बनत आली आणि जिथल्या फाउंड्र्यांमधून वाहनांचे कास्टिंग देशभर जातात, तिथे उद्यमनगरात फिरलं की बोअर गेज धरणारा चांगला हात सापडतो. खाच पुन्हा कापून, हवेने आणि फडक्याने साफ करून, तळ बोटाने चाचपून पाहिला. हेड कोमट, रिंग गार करून दाबली. रिंग तळाला पोचते तेव्हा ठोक्याचा आवाज बदलतो, पोकळ जाऊन भरीव येतो. तो कानाने ऐकला आणि चार बाजूंनी डायल लावून उंची सारखी असल्याचंही पाहिलं. इतर अकरा रिंगाही तपासल्या, त्या बसलेल्या होत्या. हेडचा तळ सपाट करताना (फेसिंगमध्ये) जास्त कापला गेलाय का, तेही मोजलं. तसं असेल तर पुशरॉड जणू लांब झाल्यासारखे होतात आणि रॉकरचा कोन बिघडतो. ते मापात होतं.

बांधणी आणि पहिली सुरुवात

नव्या कॅमला असेंब्ली पेस्ट, प्रत्येक टॅपेटच्या तळालाही. टायमिंग गियरच्या खुणा जुळवून दोघांनी वेगवेगळ्या पाहिल्या. डिझेल बंद ठेवून स्टार्टरने फिरवत आधी ऑइल प्रेशर आणलं, मग इंजिन सुरू केलं आणि लगेच मध्यम वेगावर धरलं. नव्या सपाट टॅपेटच्या कॅमला पहिली मिनिटं आयडलवर ठेवणं वाईट, कारण कमी वेगात स्प्रिंगचा सगळा भार लोबच्या टोकावर येतो आणि तेलाची फिल्मही पातळ असते. कितीतरी जण सुरू झालेल्या इंजिनाजवळ आयडलवरच चहा पीत उभे राहतात. थोड्या वेळाने आयडलवर आणून एकेक कव्हर काढलं आणि खडूच्या बाराही रेघा फिरताना पाहिल्या.

तेल आणि फिल्टर लवकर बदलले. हेड आणि कॅम दोन्ही नव्याने बसलेले असल्याने मामांना थोडे दिवस हलका भार आणि मग पुन्हा मोजणीला यायला सांगितलं. ते आले. बाराही गॅपा दोन-तीन शतांशांनी घटल्या होत्या, सगळ्या सारख्या, म्हणजे गॅस्केट दबल्याच्या. पाचव्याचा एक्झॉस्ट ०.४८, तिसऱ्याचा इनलेट ०.२३. मापावर आणून लॉकनट आवळले आणि आकड्यांचा कागद मामांच्या गाडीच्या कागदपत्रांत लावला. पुढच्या मोजणीनंतर त्याच कागदावर नवी ओळ भरली, आणि मापावर आणलेल्या आकड्यांपेक्षा तिच्यात काही बदललं नव्हतं. गाडी तेव्हा रत्नागिरीहून खत भरून, आंबा घाट चढून आली होती.